वय झालं!

‘वय झालं’ हे दोन शब्द आपल्या बोलण्यात फार सोयीचे होऊन बसले आहेत. भिंतीवरचे घड्याळ मागे पडू लागले, आजोबा जिन्यात थांबू लागले, की आपण हे दोन शब्द उच्चारतो आणि मोकळे होतो. त्यांत थोडी सहानुभूती असते, थोडा शहाणपणाचा आव असतो. आणि मुख्य म्हणजे ते उच्चारल्यावर पुढे काही करावे लागत नाही!

गेल्या वर्षी आमच्या फियाटविषयी सारी आळी हेच म्हणत होती.

गाडी १९७२ ची. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती १९८१ साली जुनी म्हणून घेतली. इंजिन १०८९ सी. सी.चे, चार सिलिंडरचे; गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच खांबाला. वाईच्या सपाट रस्त्यावर ती अजून निमूट चाले. पण पाचगणीला निघावे आणि पसरणीचा घाट लागावा, की अर्ध्यातच तिचा दम सुटे. ॲक्सिलरेटर दाबावा, तर पुढे जाण्याऐवजी ती आचके देई. पाच मिनिटे कडेला उभी केली, की पुन्हा दोन वळणे चढे आणि पुन्हा धापा टाकू लागे.

“इंजिन बसलं,” शेजारी म्हणाले. “अहो, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. तुमचीच कशी राहील?” पद्मिनी म्हणजे आमच्याच गाडीचे पुढच्या काळातले नाव, तेव्हा हा टोला घरातच बसला. भंगारवाला येऊन भावही सांगून गेला. आबा कोणालाच काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी गाडी पुसणे बंद केले.

तो फडका खुंटीवर तसाच लोंबताना मला पाहवेना. एका रविवारी मी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मलाच प्रश्न विचारला, “थांबल्यावर पुन्हा चढते का?”

“चढते.”

“मग गुरुजी, इंजिन झिजलं असं आत्ताच म्हणू नका. झिजलेली रिंग पाच मिनिटांच्या विश्रांतीनं भरून येत नाही.”

पुढचे तीन तास मी विद्यार्थी होतो. त्यांनी एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले. ब्रेक कुठे धरून राहिला असेल तर दोष चाकाचा आणि बदनामी इंजिनाची! चाके मोकळी फिरली. मग चारही प्लग काढून ओळीने मांडले. प्लग काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त. विटकरी असेल तर ठीक. आमचे चारही पांढरट होते. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होते. तरीही ते घाईने निकालावर आले नाहीत. प्लगच्या जागी दाबमापक लावून एकेका सिलिंडरचा दाब घेतला. चारही आकडे १२० च्या आसपास, एकमेकांना धरून. ठिणगी पाहिली, तिची वेळ पाहिली. तिथेही सगळे बरोबर होते.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” ते म्हणाले. “दोन बदलल्या तर गाडी सुधारेल, पण कशानं सुधारली ते कळणार नाही.”

शेवटी कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून त्यांनी ती बाटलीत धरली आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. पंपातून पेट्रोल आले, पण करंगळीहूनही बारीक. मग टाकीकडची नळी काढून पंपाला वेगळ्या डब्यातून पेट्रोल दिले. लगेच भरघोस धार लागली! म्हणजे पंपही निर्दोष. उरली ती टाकी आणि पंप यांच्यामधली रबरी नळी. बाहेरून ती धडधाकट दिसत होती. ब्लेडने उभी चिरली, तेव्हा आतले रबर फुगून मऊ झालेले आढळले. आजच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबराला ते पुष्कळदा सोसत नाही. पंपाने जोराने ओढले की ती नळी आतून मिटत होती.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. सपाटीवर खर्च कमी, म्हणून बारीक धारेनेही ती भरलेली राही. चढावर खर्च वाढे, वाटी रिकामी होई. थांबले की पुन्हा भरे. गाडीची सगळी म्हातारपणाची लक्षणे हातभर नळीत होती!

नवी नळी बसली. त्याच संध्याकाळी गाडी पसरणीचा घाट न थांबता चढली. आबा शेजारी बसले होते. ते बोलले नाहीत, पण सकाळी फडका खुंटीवर नव्हता.

आठ दिवसांनी आबा जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबलेले मी पाहिले. मी विचारले, “आबा, थांबल्यावर बरं वाटतं का?”

“वाटतं. वय झालं रे.”

“ते फियाटचंही झालं होतं.”

ते हसले आणि डॉक्टरकडे यायला तयार झाले. रक्त तपासले, हिमोग्लोबिन आठाच्याही खाली. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. ते कमी का झाले, हे त्यांनी शोधले. गुडघ्यांसाठी आबा कित्येक महिने रोज सकाळी उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेत होते, कोणालाही न सांगता. त्या गोळीने जठरात व्रण झाला होता आणि तिथून थेंबथेंब रक्त जात होते. गोळी बंद झाली, औषध आणि लोह सुरू झाले. तीन महिन्यांत आबा सगळा जिना एका दमात चढू लागले.

गुडघे मात्र अजून दुखतात. डॉक्टर म्हणाले, हे वयामुळेच. आबांनी तो निकाल शांतपणे मान्य केला. तपासून दिलेला होता ना!