बेलोऱ्याहून उड्डाण

नकाशावर पट्टी ठेवली तर बेलोरा ते मुंबई विमानतळ साधारण 540 किलोमीटर. तिकिटावर वेळ एक तास पंचेचाळीस मिनिटांची. मामांना मी हे दोन्ही आकडे सांगितले. ते म्हणाले, "अन् नांदगाव पेठ ते बेलोरा?"

तिथंच गोम होती. आमचं गाव अमरावतीच्या एका टोकाला, नागपूर रस्त्यावर. विमानतळ दुसऱ्या टोकाला, बडनेऱ्याच्या पलीकडे. 16 एप्रिल 2025 ला तिथून मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उडालं. त्याआधी मुंबईला उडायचं म्हणजे आधी नागपूर गाठा, उलट्या दिशेनं, अडीच-तीन तास. आता साखरपुड्याला डोंबिवलीला जायचं होतं आणि मामांना आयुष्यात एकदा विमानात बसायचं होतं.

मे महिन्यातला शुक्रवार. दुपारी दोनला निघालो. एमआयडीसी, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या मागं पडल्या, मग बायपास. विमान 4:40 चं, आम्ही तीनला हजर. मामा घड्याळ बघत म्हणाले, "बाबू, इतकं थांबाचं असते तं येष्टीनं मूर्तिजापूर गाठलं असतं."

विमान एटीआर, सत्तर-बहात्तर जणांचं, पंख्याचं. बेलोऱ्याची धावपट्टी 1,850 मीटरची, तिला असलंच विमान झेपतं. मोठी जेट विमानं याहून वेगानं जातात, पण त्यांना लांब पट्टी लागते. उन्हात चालत जायचं आणि शेपटीकडच्या दारानं चढायचं. मामांनी पायरीला हात लावून नमस्कार केला, बैलगाडीत चढताना करत तसा.

एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळं खालची जमीन आडोशाशिवाय दिसते. मे महिन्याचा वऱ्हाड वरून बघावा! नांगरून पडलेली काळी शेतं, कोरडे नाले, मधेच विहिरीपाशी टिकलेला हिरवा ठिपका. पिकाचं पांघरूण नसल्यानं बांध न् बांध मोजता येतो. उजवीकडं धुरकट वस्ती दिसली. मामा म्हणाले, "हे अकोलं असन." असेलही. पट्टी ठेवली तर अकोला उजव्या हाताला थोडं दूर राहतं आणि रेषा जवळजवळ संभाजीनगरावरून जाते. अकोल्याला शिवणीचा विमानतळ आहे, पण त्याची धावपट्टी आणखी आखूड. तिथल्या लोकांची वाट अजून संपलेली नाही.

पुढं धुरळ्यात काही दिसेना. मामा झोपले. इतक्या हौसेनं घेतलेली खिडकी!

6:25 ला मुंबई. सामान, रांग, टॅक्सी, घाटकोपर, मग लोकल. डोंबिवलीत दार वाजवलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजत होते. घरापासून सात तास. त्यातले हवेतले पावणेदोनही पुरते नाहीत, कारण त्यात धावपट्टीवरचं सरकणं आलंच.

जेवताना परतीचा विषय निघाला. विमान सोमवार, बुधवार, शुक्रवार. साखरपुडा रविवारी. सोमवारचं विमान दुपारी अडीचला मुंबईहून निघून सव्वाचारला बेलोऱ्यात.

"अन् रविवारी रात्रीची अमरावती एक्स्प्रेस?" मामांनी विचारलं.

"सोमवारी सकाळी अमरावतीत."

मामांनी भाकरी मोडली. "मंग गाडीचंच काढ. विमानाच्या आधी पोचतो आपण."