हुलुलेहून दक्षिणेकडे

मार्च १९९९. पहाटे मालदीवमधल्या मालेच्या धक्क्यावर धोणीत, म्हणजे तिथल्या नावेत, बसलो आणि थोड्याच वेळात हुलुलेला उतरलो. हे अख्खं बेट म्हणजेच विमानतळ. इंडोएक्स मोहिमेसाठी अमेरिकेहून आलेलं चार पंख्यांचं सी-१३० उभंच होतं. हिवाळ्यात वारे आपल्या देशावरून समुद्राकडे वाहतात. ते सोबत काय आणतात, हे शोधायला रामनाथन आणि क्रुट्झन या वातावरणशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने दोनशेहून अधिक शास्त्रज्ञ कामाला लागले होते.

विमान वर चढलं आणि मी खिडकीला नाक लावलं. क्षितिज दिसेना! समुद्र आणि आकाश यांच्यामध्ये मळकट, तपकिरी धुरकं. इथून मुंबई सुमारे १६५० किलोमीटर.

लायडार या यंत्राच्या पडद्यासमोर मला जागा मिळाली. विमानातून लेसरचे स्पंद खाली सुटत होते, एक हिरवा, एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. हवेतल्या कणांवर आपटून त्यातला अगदी थोडा प्रकाश दुर्बिणीत परत येतो. उशिराच्या प्रत्येक मायक्रोसेकंदामागे १५० मीटर अंतर, एवढा साधा हिशेब. किती वेळाने आला त्यावरून उंची कळते आणि किती आला त्यावरून कणांची दाटी.

धूर पाण्यालगत साचला असेल, अशी माझी समजूत होती. पडद्यावर मात्र समुद्रालगतच्या थराच्या वर आणखी एक जाड, लाल, म्हणजे दाट कणांचा, पट्टा होता, थेट तीन किलोमीटरपर्यंत. दिवसा जमीन तापते, धुरकट हवा वर उचलली जाते आणि मग समुद्रावरच्या गार, दमट हवेच्या पाठीवर बसून दूर निघते. तेव्हाच्या उपग्रहांना वरून एकूण धूसरपणा कळायचा, हे थर नाही. मी त्या लाल रंगाकडे बघत राहिलो. त्यात गिरण्यांचा, गाड्यांचा धूर होता, तसा आमच्या गावच्या चुलींचाही असणार. जीव गलबलला.

हुवाधूची बेटं मागे पडली, विषुववृत्त ओलांडलं, अड्डूची बेटंही गेली. पुढे दोन्ही गोलार्धांचे वारे भेटतात तिथली ढगांची रांग लागली. विमान गदगदा हललं, काचेवर पाऊस सपासप आपटला. पलीकडे निघालो तर लाल पट्टा विरून गेलेला आणि खाली लख्ख निळं पाणी, क्षितिज सुरीने कापल्यासारखं.

परत उतरल्यावर सहकाऱ्याने वाटेत बाहेरची हवा ज्यांतून गाळली होती ते दोन गाळणकागद चिमट्याने काढून शेजारी शेजारी ठेवले. दक्षिणेकडचा कोरा वाटावा इतका पांढरा. उत्तरेकडच्यावर राखाडी गोल उमटला होता, तव्याच्या बुडाला बोट लावून कागदावर टेकवावं तसा.