ठेवणीतला गिअर

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा माझे हात ग्रीसने बरबटलेले होते. "घाट चढायच्या युक्त्या लिहा. पण आकडे नकोत हं, वाचक पळतात." हो म्हणालो खरा, पण आकड्यांवाचून घाटाबद्दल बोलायचं म्हणजे मिठावाचून पिठलं.

तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच, "सर, सिंहगड न थांबता मारायचाय, कुठली सायकल घेऊ?" गुडघे कुठले आणू, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

श्रावणात एक गृहस्थ आले. पन्नाशी ओलांडलेले, वजन पंच्याहत्तर, सायकल कार्बनची. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत होतं आणि उपाय म्हणून त्यांना चारशे ग्रॅमने हलकी चाकं हवी होती. म्हटलं, आधी चढून दाखवा. सिंहगडाच्या पायथ्याच्या गोळेवाडीपासून त्यांच्या मागे स्कूटरवर गेलो. मागच्या अकरा चक्रांपैकी सगळ्यांत मोठी दोन, म्हणजे सगळ्यांत हलके गिअर, त्यांनी शेवटपर्यंत वापरलीच नाहीत. वर पोचल्यावर विचारलं. म्हणाले, "ती ठेवलीत सर. अगदीच अडलं तर असावीत." बँकेत ठेव ठेवावी तशी!

आता आकडे येणार, बाईंची माफी मागून. माणूस पंच्याहत्तर, सायकल दहा, एकूण ८५ किलो. सात टक्के चढ, म्हणजे शंभर मीटरला सात मीटर वर. ताशी ९ किलोमीटरने जायचं तर साधारण १६० वॅट लागतात. हा हिशेब चुकवता येत नाही, डोंगर घासाघीस करत नाही. पण हे १६० वॅट कसे द्यायचे, ते तुमच्या हातात. मिनिटाला ४५ पेडलफेऱ्या मारल्या तर पेडलवर सरासरी २० किलोचा जोर पडतो. सत्तर मारल्या तर १३ किलोचा. वेग तोच, घाम जवळपास तोच, पण गुडघ्यावरचा भार एक तृतीयांशाहून अधिक कमी. आणि ती हलकी चाकं? सिंहगडाच्या तासाभराच्या चढाईत फार तर सतरा सेकंद वाचतील. वर दह्याच्या मडक्यापाशी सुट्टे शोधायला याहून जास्त वेळ जातो.

त्यांना मी मागे ३४ दातांचं चक्र, म्हणजे आणखी हलका गिअर, बसवायला सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "ते बायकामुलांचे गिअर ना?"

ही लाज जुनी आहे. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे म्हातारपणाची काठी वाटे. त्यांच्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणारा डिरेलर १९३७ पर्यंत बंद होता. तोवर मोठमोठे वीर घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूचं चक्र वापरायला. त्याच देशात सेंट एतिएनचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, कित्येक वर्षं गिअरची बाजू मांडत राहिले. माझ्या दुकानात फोटो लावायचा झाला तर व्हेलोसिओचा लावीन. संपादकबाई हा परिच्छेद कापतील. कापू देत.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात. उभं राहून पेडल मारायचं असेल तर आधी गिअर एक-दोन पायऱ्या जड करा, नाहीतर पाय पोकळीत पडल्यासारखा सुटतो. डाव्या वळणावर आतली कड सर्वांत खडी असते. मागे गाडी नसेल तर थोडं बाहेरून घ्या, पण मधली रेघ सोडू नका. नागमोडी चढल्याने चढ सौम्य होतो हे खरं, दूधवाले करायचे. रविवारी सकाळच्या मोटारगर्दीत करू नका. आणि उजाडायच्या आत निघा. शरीर जेवढी शक्ती खर्चतं तिचा जेमतेम चतुर्थांश पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते, आणि ताशी ९ किलोमीटरला वारा लागत नाही. पुष्कळदा दम संपण्याआधी माणूस तापतो.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला पार करणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. मी दोनदा उतरलो होतो, दोन्हीदा राजा दुसराच कुणी झाला. तेव्हा मीही गिअर ठेवणीत ठेवायचो. डावा गुडघा जिना उतरताना अजून वाजतो. हे त्या गृहस्थांना सांगायला हवं होतं. मी मात्र 'बायकामुलांचे गिअर' ऐकून हसलो, तेही दोन पोरांसमोर.

ते पुन्हा आले नाहीत. चाकं दुसरीकडून घेतली म्हणे, आणि गणपतीनंतर सायकल चालवणंच सोडलं. आकडे माझे बरोबर होते, अजूनही आहेत.

त्यांच्यासाठी मागवलेला ३४ दातांचा संच फळीवर पडून आहे. परवा एक मुलगी तोच मागत होती. तिला म्हटलं, दुसरा मागवून देतो.