मले दहा, हिले वीस

नवरात्रातली संध्याकाळ होती. अंबादेवीचं दर्शन आटोपून बायका थेट खरेदीला उतरतात, ती वेळ. अमरावतीतल्या एका साड्यांच्या दुकानात मी काउंटरमागे लॅपटॉप मांडून बसले होते. त्या दुकानाची ई-मेलवरची पहिली कुपन मोहीम मी आखली होती आणि ती चालताना मला डोळ्यांनी बघायची होती. दोन जावा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दोघींनी मोबाइल पुढे केले, दोघींचे कोड लागले, बिलं निघाली. मोठीनं धाकटीचं बिल हातात घेऊन वाचलं.

"मले दहा टक्के अन् हिले वीस? काऊन?"

काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं.

"मी दर सणाले इथंच येतो. हे मागच्या दिवायीपासून फिरकली नाई. तरी हिले वीस? मी काय घोडं मारलं तुमचं?"

माझ्या यादीप्रमाणे हिशेब अचूक होता. सहा महिन्यांत न आलेल्या ग्राहकाला परत ओढायचं, म्हणून त्याला जास्त सूट. नियमित येणारा तसाही येणारच, त्याला कमी. या धंद्याचा पहिला धडाच हा. पण तो धडा त्या बाईंना तोंडावर वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. "काकू, तुम्ही तशाही येणारच होत्या, म्हणून तुम्हाला दहा" हे कसं म्हणायचं? शेठजींनी मुकाट्यानं मोठीलाही वीस टक्के दिले, वर एक ब्लाऊजपीस दिला, आणि गर्दी ओसरल्यावर मला एवढंच विचारलं, "मॅडम, हे असं लपूनछपून काहाले करायचं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी पुढची काही वर्षं गेली.

मी काय करते ते आधी सांगते, कारण नातेवाइकांत माझं काम 'कंप्युटरवर जाहिराती पाठवते' एवढ्यावरच संपतं. दुकानं, शाळा, दवाखाने, औषधविक्रेते यांच्याकडे ग्राहकांचे ई-मेल पत्ते साठलेले असतात. त्यांना पत्रं पाठवणं आणि त्या पत्रातला कोड दुकानात नीट वटतो की नाही हे पाहणं, हे माझं काम. सगळ्यांना एकच कोड दिला तर फार सोपं. पण 'दिवाळी वीस' असा एकच शब्द छापून पाठवला की अर्ध्या तासात तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतो, आणि ज्यांना दुकानानं कधी पाहिलंही नाही तेही वीस टक्के मागतात. म्हणून प्रत्येकाला वेगळा कोड: एकदाच चालणारा, तारीख संपली की मरणारा, आणि कुणाच्या पत्रातून आला ते सांगणारा.

कुपन नवं नाही. अटलांटा शहरात १८८७ साली कोका-कोलाचा एक ग्लास फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या निघाल्या, तिथून ही वंशावळ सांगतात. जाहिरातीचा पहिला घाऊक मेल ३ मे १९७८ चा, डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्कनं सुमारे चारशे जणांना धाडलेला. त्यात सूट नव्हती, नव्या यंत्रांचं प्रात्यक्षिक बघायला या एवढंच आमंत्रण होतं. तरी लोक खवळले होते.

माझी स्वतःची वंशावळ मात्र अकोल्यातून सुरू होते. बाबा अडतीस वर्षं टिळक रोडवरच्या एका कापड दुकानात होते. तेव्हा प्रत्येक साडीला एक छोटी चिठ्ठी असे, त्यावर दोन-तीन अक्षरं. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द मालक ठरवायचा. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, दहावं म्हणजे शून्य. ती अक्षरं वाचून गादीवरच्या माणसाला खरेदीचा भाव कळे आणि समोरच्या गिऱ्हाइकाला किती सोडायचं ते तो ठरवी. पायातल्या चपला, सोबतचं माणूस, लग्नाची घाई, मागची उधारी, सगळं एका नजरेत जोखून. माणसागणिक सूट हीच. फरक एवढाच की गणित बाबांच्या डोक्यात व्हायचं. पुढे मालकाच्या मुलानं 'एकच भाव' अशी पाटी लावली आणि बाबांचं अर्धं कौशल्य एका दिवसात निकामी झालं. तो दहा अक्षरी शब्द त्यांनी मला आजतागायत सांगितलेला नाही.

आता कोड बनवण्याविषयी, कारण खरी मौज तिथे आहे.

इंग्रजी सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे, म्हणजे छत्तीस चिन्हं. त्यातून शून्य आणि ओ काढायचे, एक, आय आणि एल काढायचे, कारण लोक ते एकमेकांच्या जागी वाचतात. यू काढायचा, कारण तो राहिला तर यंत्र नकळत शिवी तयार करू शकतं. डग्लस क्रॉकफर्ड या संगणकतज्ज्ञाच्या वर्णमालेतही यू याच कारणासाठी नाही. उरली तीस चिन्हं. सहा घरांचा कोड केला तर ७२ कोटी ९० लाख वेगवेगळे कोड होतात. वीस हजार ग्राहकांना ते वाटले तर आंधळेपणानं एक कोड ठोकून बघणाऱ्याला यश मिळण्याची शक्यता ३६,४५० मध्ये एक. एवढं पुरतं.

पण इथेच एक गंमत आहे, आणि नवखा माणूस तिला हमखास फसतो. ७२ कोटींतून फक्त वीस हजार उचलायचे, मग दोन कोड सारखे कशाला निघतील? निघतात. दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचं जे गणित आहे तेच इथे लागतं: वीस हजारांच्या गठ्ठ्यात निदान एक जोडी जुळण्याची शक्यता जवळजवळ चारात एक असते. म्हणून यादी बनली की आधी दुहेरी कोड तपासायचे, मग चहा.

एकामागोमाग क्रमांक देणं तर आत्मघात. माझ्या एका सुरुवातीच्या मोहिमेत शेवटचे चार आकडे ओळीनं वाढत गेले होते. कुणा हुशार विद्यार्थ्यानं स्वतःच्या आकड्यात एक मिळवून पाहिला आणि संध्याकाळपर्यंत त्याचं अख्खं वसतिगृह सवलतीत जीन्स घेऊन गेलं. मी रागावले नाही. पोरानं माझी परीक्षा घेतली होती आणि मी नापास झाले होते.

कोडच्या शेवटी मी सातवं अक्षर जोडते, तपासणीचं. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली पेटंटसाठी दाखल केलेली युक्ती आजही बँक कार्डांच्या क्रमांकात वापरतात. आधारचा बारावा आकडाही असाच चौकीदार आहे, त्याची रीत निराळी. एक अक्षर चुकलं तर लून यांची रीत ते नक्की पकडते, शेजारची दोन उलटी पडली तर बहुतेक वेळा. आमच्याकडे याची फार गरज पडते, कारण निम्मे कोड फोनवरून काउंटरला सांगितले जातात, आणि "बी की डी? बी बकरीचा!" या गदारोळात बी, डी, पी, टी सगळे एकच ऐकू येतात.

मग हे कोड पत्रात भरायचे. पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला यादी द्यायची, एका रकान्यात नाव, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात कोड, आणि पत्रात जिथे कोड हवा तिथे त्या रकान्याची खूण ठेवायची. ऐकायला सोपं. पण यादी एक्सेलमधून येते, आणि एक्सेल स्वतःला फार शहाणं समजतं. 'दोन-सात-चार-ई-तीन-पाच' हा कोड त्याला संख्या वाटला आणि त्यानं तो परस्पर २.७४ गुणिले दहाचा सदतिसावा घात करून टाकला. ज्या बाईंना तो गेला त्यांनी दुकानात फोन करून विचारलं, "हे किती टक्के झाले?" तेव्हापासून तो रकाना आधी मजकुराचा केल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. याहून भयंकर म्हणजे कुणीतरी नावांचा रकाना एकटाच अकारविल्हे लावतो आणि शेजारचे कोड जागचे हलत नाहीत. मग एकाचा कोड दुसऱ्याच्या पत्रात जातो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

नावांचं तर विचारूच नका. काउंटरवरची पोरं नावाच्या रकान्यात स्वतःच्या सोयीचं लिहितात. 'प्रिय उधारीवाले पाटील' असं पत्र माझ्या हातून जाता जाता वाचलं आहे. म्हणून मी नाव घालतच नाही. नाव घातलं म्हणजे पत्र आपुलकीचं झालं, हा आमच्या धंद्यातला सर्वांत स्वस्त समज आहे.

पत्र पोचवणं हा वेगळा कुटाणा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम आवळले. रोज पाच हजारांहून जास्त मेल धाडणाऱ्यानं आपली ओळख एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तिन्ही प्रकारे पटवायची, एका टिचकीत नाव कमी करायची सोय द्यायची, आणि हजारात तिघांनी 'स्पॅम' म्हटलं तर तुमची पत पडायला लागली म्हणून समजायचं. मला हे नियम आवडतात. फुकट्या उत्साहाला वेसण बसली.

वऱ्हाडात ई-मेल वाचतं कोण, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. योग्य प्रश्न आहे. खेड्यातल्या बहुतेक माणसांचा ई-मेल नवा फोन सुरू करताना दुकानदारानंच काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड त्यांना ठाऊक नसतो. आमचे खरे वाचक म्हणजे प्राध्यापक, बँकेतले, सरकारी नोकरीतले, आणि पुण्या-बंगळुरूला गेलेली मुलं. पत्र हिंजवडीत उघडतं आणि साडी अकोल्यात विकली जाते. मुलगा कोड आईला पाठवतो, आई मावशीला. पहिल्या वर्षी मी कोड ज्याच्या त्याच्या मोबाइल नंबराशी बांधून टाकला होता आणि काउंटरवर कितीतरी आया खट्टू होऊन परतल्या. 'एकालाच' आणि 'एकदाच' यांत फरक आहे. दुकानाला गरज असते ती 'एकदाच'ची. आता कोड कुणीही आणो, एकदाच चालतो.

हे 'एकदाच' सांभाळणंही सोपं नाही. दुकानाच्या अमरावतीत आणि अकोल्यात शाखा, आणि दिवाळीच्या गर्दीत लाईट गेली की नेट जातं. मधल्या महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. त्या गुळगुळीत रस्त्यानं एक सद्गृहस्थ सकाळी अकोल्यात वापरलेला कोड दुपारी अमरावतीत पुन्हा वापरून गेले, कारण अकोल्याचं यंत्र तोवर जागं झालं नव्हतं. आणखी एक: पत्रातल्या दुव्यावर टिचकी पडली की कोड 'वापरला' असं कधी धरू नये. मोठ्या कंपन्यांची सुरक्षा-यंत्रणा माणसाच्या आधी मेल उघडून सगळे दुवे तपासते, आणि कोड वाचायच्या आतच खलास होतो.

कराचाही एक पेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्यावर १८. करापूर्वी २,७०० रुपयांचा कुर्ता घेतला तर करासह ३,१८६. त्यावर दहा टक्क्यांचं कुपन त्या नगावरच, बिलात दाखवून लावलं तर किंमत २,४३० होते, कर ५ टक्क्यांवर येतो आणि बिल २,५५१ रुपये ५० पैसे. दुकानानं सोडले २७०, गिऱ्हाइकाचे वाचले ६३४ रुपये ५० पैसे. कोड वस्तूला लावायचा की बिलाच्या तळाशी, हे ठरवताना मी आता आधी सीएला फोन करते.

आणि त्या जावांचं काय? मी पुष्कळ विचार केला. सुटीचे हे सगळे ठोकताळे मोठ्या शहरांतून आलेले, जिथे एक गिऱ्हाईक दुसऱ्याला ओळखत नाही. अमरावतीत ओळखतं. इथे बिलं हळदीकुंकवात वाचली जातात. शिवाय लपवलेल्या भावाचा या मुलखाला जुना अनुभव आहे. रुमालाखाली बोटं दाबून दलालांनी सौदे करायचे आणि ज्याचा माल त्याला काही कळू द्यायचं नाही, ही आपल्याकडच्या बाजारांची जुनी रीत. कारंज्याला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार झाला, १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला, पुढे बाजार समित्यांत उघडा लिलाव आला. उघडा भाव इथे पिढ्यांनी मागून घेतलेला आहे, आणि मी तो पुन्हा रुमालाखाली नेत होते.

आता माझ्या मोहिमांत एकच अट असते. दोन माणसांच्या सुटीत फरक असेल तर त्याचं कारण भर दुकानात मोठ्यानं सांगता आलं पाहिजे. "यांचा वाढदिवस आहे" सांगता येतं. "या दहा वर्षांपासून येतात" सांगता येतं, आणि ऐकणारीची मानही ताठ होते. "तुम्ही सुटणार नाही याची खात्री होती" सांगता येत नाही, म्हणून ती यादीच मी पुसून टाकली. दूर गेलेल्या ग्राहकाला मी आता जास्त टक्के देत नाही, आठवणीचं पत्र तेवढं देते. विक्री थोडी कमी होत असेल. शेठजींनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीला टिळक रोडवरच्या एका दुकानाची मोहीम माझ्याकडे होती. यादीत बाबांचाही पत्ता होता, मी घातलेला नव्हता. त्यांनी कोड वहीच्या कागदावर वळणदार अक्षरात उतरवून घेतला, आईसाठी साडी काढली, कागद काउंटरवर ठेवला. पोरानं कोड टाकला, दहा टक्के कमी झाले, बिल निघायला लागलं. बाबांनी हात आडवा केला.

"थांब बाप्पा. कोड तं लागला. आता भाव सांग."