तक्रार ‘निकाली’ कोणी काढायची?

संपादकांचा निरोप आला, ‘क्लाउड आणि लोकसहभागावर लिहा, पण सोपं लिहा.’ नगरकराला स्मार्ट शहरावर लिहायला सांगणं ही थट्टाच. 2015च्या स्मार्ट सिटी अभियानात पुणे, नाशिक, सोलापूर अशी राज्यातली आठ शहरं होती. आमचं नगर, आताचं अहिल्यानगर, नव्हतं. 2025च्या मार्चअखेर ते अभियान संपलंही. तक्रारींची ॲपं मात्र जोरात आहेत आणि माझं पोट त्यांवरच चालतं.

क्लाउड म्हटलं की लोक विचारतात, ‘आमची माहिती अमेरिकेत जाते का हो?’ अहो, केंद्र सरकारचा ‘मेघराज’ क्लाउड 2014पासून आहे, खासगी कंपन्यांची डेटा सेंटरं मुंबईत आहेत. फायदा एवढाच, की घरपट्टीच्या सवलतीचा शेवटचा दिवस असो की पहिल्या पावसात तुंबलेले रस्ते, गर्दी वाढली की दोनाच्या जागी दहा सर्व्हर लागतात, ओसरली की परत जातात. छोट्या पालिकेला स्वतःची सर्व्हर-खोली, एसी, जनरेटर कुठून परवडणार?

माझं भांडण डेटाबेसमधल्या एका रकान्याशी आहे. ‘स्थिती’: नोंद, वर्ग, प्रगतीत, निकाली. यातलं ‘निकाली’ कोणी करायचं? बहुतेकदा ज्या खात्याविरुद्ध तक्रार, तेच करतं. एका पालिकेत (नाव नको) बंद पथदिव्याची तक्रार संध्याकाळी आली, सकाळी निकाली. शेरा: ‘ठेकेदारास कळविले.’ दिवा बंदच. खात्याचं मोजमाप निकालीच्या टक्क्यांवर असेल, तर दुसरं काय होणार? मी सुचवलं, तक्रारदाराच्या होकाराशिवाय तक्रार बंद होऊ नये, झालीच तर त्याला ती पुन्हा उघडता यावी. स्थिती बदलताना जुनी नोंद पुसू नये. वेळ आणि पदनामासह खाली नवी ओळ पडावी. काम किरकोळ होतं. उत्तर मिळालं, ‘मग टक्केवारी पडेल ना!’

राळेगणसिद्धी आमच्याच जिल्ह्यातलं. माहिती अधिकारासाठी तिथल्या अण्णा हजारेंनी उपोषणं केली. 2005च्या त्या कायद्याचं कलम 4 सांगतं, कोणी मागायच्या आधीच माहिती प्रसिद्ध करा. मग प्रभागवार तक्रारवही सर्वांना का दिसू नये? नाव आणि मोबाइल झाका, ठिकाण, तारखा, शेरे उघडे ठेवा. शेजाऱ्याची तीच तक्रार तिसऱ्यांदा ‘निकाली’ निघालेली दिसली, की गल्ली आपोआप एकत्र येते. नाहीतर ॲपवर फोटो टाकला की आपलं कर्तव्य संपलं, असं मानणारे आपणही काही कमी नाही.

हिवरे बाजार गावात पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरवतात. ऊस नाही म्हणजे नाही. सर्व्हरविना चालतं, कारण आकडे सगळ्यांसमोर असतात आणि ठरलेलं पाळलं जातं. पण तीन लाखांवर वस्तीचं नगर कुठल्या पारावर बसवणार? तिथे क्लाउड लागतोच. पुण्यात 2006पासून नागरिक महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवतात. सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं, हेही असंच ओळीओळीने दिसायला हवं.

सध्या हाती असलेल्या एका निविदेच्या मसुद्यात मी तक्रारदाराच्या होकाराची अट घातली आहे. पान उलटलं की ठेकेदाराच्या बिलाची अट येते: दरमहा किमान 95 टक्के तक्रारी निकाली.