खाऱ्या पाण्याचा उन्हाळा

खाऱ्या पाण्याची जुनी मत्स्यटाकी दोन क्लाउनफिशसह घेतली. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेले. त्यांना २५-२६ मानवते. चिलर परवडणारा नव्हता. मग झाकणाऐवजी जाळी बसवली, पाण्यावर छोटा पंखा रोखला, तापणाऱ्या ट्यूब काढून एलईडी लावली. मागच्या कप्प्यातला स्पंज अर्धाच बदलला. घाण पचवणारे जिवाणू त्यातच राहतात. तापमान २८ वर आले, मासे पुन्हा खाऊ लागले.

पंख्याने पाणी भराभर आटे. लेकीने विचारले, "अम्मी, खारे पाणी आटले, मग खारेच का नाही घालायचे?"

"बेटा, पाणी उडते, मीठ मागेच राहते."

आता रोज खुणेपर्यंत आरओचे गोडे पाणी तीच भरते. सुट्टीत नानीकडे जायचे, तर आधी शेजारच्या खालाजानना विचारते, "पाणी घालाल ना?"