रविवार सकाळ, व्हाया वसई रोड

‘अगं, किती छान मराठी बोलतेस तू!’

जुन्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मी एका मुलीला हे ऐकवलं होतं. का? तर तिचं आडनाव पोर्तुगीज. ती वसईची. रागावली नाही. ‘एकदा रविवारी घरी ये,’ एवढंच म्हणाली. त्या ‘एकदा’ला चार वर्षं लागली. विरार फास्टमधून वसई कितीदा तरी मागे टाकली असेल, पण उतरले नव्हते. गेल्या डिसेंबरात उतरले.

स्टेशनबाहेरचे टॉवर आणि सेलचे बोर्ड संपले, रिक्षा निर्मळच्या रस्त्याला लागली आणि सीनच बदलला. केळीच्या बागा, विहिरी, कौलारू घरं, दारादारांत नाताळच्या कागदी चांदण्या. आणि चर्चच्या पायऱ्यांवर लाल लुगड्यातल्या आज्या!

मिस्सा म्हणजे रविवारची उपासना. ती अख्खी मराठीत, साथीला पेटी-तबला. पूर्वी ती लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लोकांच्या भाषेत होऊ लागली. याच मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी पुढे मराठीत ‘सुबोध बायबल’ आणलं, हरित वसईसाठी लढा दिला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. २०२४ मध्ये ते गेले. आणि मी आडनावावरून भाषा ठरवत होते!

मला सगळ्यात आवडल्या त्या शेवटच्या सूचना. गोठ्याच्या देखाव्यांची स्पर्धा, कॅरल गाणारी पोरं कुठल्या आळीत कधी येणार, कोणाकोणाची लग्नं ठरली, रक्तदान शिबिर. मग एका आजारी शेजाऱ्यासाठी प्रार्थना. आणि लगेच प्रश्न, ‘त्यांना मंगळवारी दवाखान्यात न्यायला गाडी कोण देईल?’ तीन हात वर झाले. मला माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनावही माहीत नाही.

मागच्या बाकावर मैत्रिणीची भाची इंग्रजीत कुजबुजत होती. आजी तिला सामवेदीत दटावत होती.

‘आजीला इंग्रजी येत नाही, हिला सामवेदी येत नाही,’ मैत्रीण हळूच म्हणाली. ‘दोघींची भेट होते ती इथे, मराठी मिस्साला. हिला आता इंग्रजी मिस्साला जायचंय. जाऊ दे म्हणावं की थांबवावं, कळत नाही.’

मलाही काही सुचलं नाही.

दुपारी घरी इंद्याल आणि फुगे. तिसरा फुगा ताटात पडला तेव्हा मी मैत्रिणीला चार वर्षांपूर्वीचं ‘सॉरी’ म्हणून टाकलं. ती हसली. तेवढ्यात आजींनी मला निरखून पाहिलं. ‘मुंबईची ना गं तू? मराठी बरं बोलतेस हो!’

कसं जाल?
पश्चिम रेल्वेनं वसई रोड, तिथून पश्चिमेला रिक्षा किंवा बस. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला बघाच. आत संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं चर्च आहे. वसईत जन्मलेले हे संत १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला हुतात्मा झाले. मिस्सा चालू असताना मोबाइल सायलेंटवर ठेवा, फोटो नंतर काढा. आणि सूचना संपेपर्यंत थांबा.